ऊर्मी गावंडेचं डावं-उजवं

ऊर्मी गावंडेला डावं-उजवं कळत नाही, असं मिसिसागातल्या त्या क्लिनिकमध्ये सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. खरं म्हणजे तिला ते कळायचं. पण दोन तऱ्हांनी कळायचं, आणि सगळी पंचाईत तिथंच होती.

अमरावतीत अकरा वर्षं ती एका हृदयाच्या डॉक्टरांकडे इको काढायची. इको म्हणजे काळजाची सोनोग्राफी. छातीवर जेल फासायचं, प्रोब बरगड्यांच्या फटीत टेकवायचा आणि पडद्यावर धडधडणारं काळीज बघायचं. तिचे सर तरुणपणी परदेशात जिथं शिकले, तिथं पडद्यावर डावा कप्पा डावीकडे दाखवायची रीत होती. बाकी जग उलटं करतं. पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरायचं, म्हणजे त्याचं डावं ते आपल्या उजवीकडे. सरांनी आपलीच रीत चालवली आणि ऊर्मीच्या मनगटात ती मुरली, लोणच्यात मीठ मुरावं तशी. अमरावतीत कोणाचं काही अडलं नाही. सरच बघणारे, सरच सांगणारे.

अडलं ते कॅनडात. अडतिसाव्या वर्षी ही बाई कॉलेजात जाऊन बसली, निम्म्या वयाच्या पोरांशेजारी. परीक्षा दिल्या, रात्रपाळीत डोनट विकले, आणि नोव्हेंबरात ही नोकरी मिळाली. मिल्टनला एका बेसमेंटमध्ये ती आणि पंधरा वर्षांची लेक गौरांगी. नवरा अमरावतीला शाळेत शिकवतो. नोकरी पक्की झाली की तिचं पत्र मिळणार, पत्रावर पीआरचा, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज, पीआर आली की नवरा. अशी ती उतरंड. प्रोबेशनचे तीन आठवडे उरले होते.

आणि हात मात्र घाईगर्दीत अमरावतीला जायचा.

"ऊर्मी, यू आर फ्लिप्ड अगेन," असं क्रिस्टा मागून म्हणायची. क्रिस्टा तिथली मुख्य टेक्नॉलॉजिस्ट. आईबाप वसईचे, ती जन्मली टोरांटोत. मराठी तिला सगळं समजायचं, शिव्यांसकट, पण तोंडातून निघायचं ते इंग्लिशच. दोनदा समज देऊन झाल्यावर तिनं प्रोबवर बाजू दाखवणारी खाच असते तिथं हिरव्या टेपचा तुकडा चिकटवून दिला. हिरवं इकडं धर, म्हणजे झालं. डावं-उजवं कळावं म्हणून लेकराच्या मनगटाला चिंधी बांधावी तसं ते ऊर्मीला वाटलं, पण बोलायची सोय नव्हती.

बोलायची सोय नसणं हा तर तिथला कायदाच. टेक्नॉलॉजिस्टनं चित्र काढायचं. काय दिसलं ते पेशंटला सांगायचं नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. डॉक्टर चित्र बघतील, डॉक्टर कळवतील. अमरावतीत पेशंटबरोबर सात माणसं खोलीत शिरायची, आणि कुठल्या खेड्यातली म्हातारी आली तरी पहिलं विचारायची, "काय दिसून राह्यलं वं बाई?" तेव्हा ऊर्मी म्हणायची, "काही नाही आजी, चांगलं हाय." मग सगळी खोली सुस्कारा सोडायची. इथं एक माणूस एकटा येतो, छताकडे बघत पडतो, थँक्यू म्हणून जातो. ऊर्मीला हे कधी पचलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी भाऊसाहेब आले.

सहासष्ट वर्षांचे, श्रीरामपूर एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त. पाच महिने मिल्टनला लेकीकडे होते. जानेवारीत लेक नको नको म्हणत असताना ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला गेले आणि फावड्यासकट आडवे झाले. फॅमिली डॉक्टरला नाडी मंद लागली, छातीत काहीतरी सूं सूं ऐकू आलं, म्हणून इको. लेक, देवयानी, बाहेर बसली होती.

ऊर्मीनं इंग्लिशमध्ये सांगितलं, डाव्या कुशीवर वळा. भाऊसाहेब उजव्या कुशीवर वळले. जेल लागल्याबरोबर पुटपुटले, "आयला, म्हशीला धुवायला घेतल्यागत चाललंय."

"तिकडून नाही काका, इकडून वळा," ऊर्मीच्या तोंडून निघून गेलं.

म्हातारा कुशीवरून टुणकन उठलाच. "मराठी? आरं तिच्या! मघाधरनं इंग्लिशमधी काय झोडती मग मला?"

"झोपा, झोपा. वायरी निघतील."

"नाव काय म्हणायचं?"

"गावंडे."

"म्हंजी वऱ्हाड! तरीच. तुमच्याकडं पाव्हण्याला आधी चार तास झोपवत्यात आन् मग जेवायला घालत्यात म्हनं."

"आन् तुमच्या नगरकडे जेवाले विचारतच नाहीत म्हणे," ऊर्मी म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्या खोलीत आपला आवाज ऐकला. हिंदीतला नाही, इंग्लिशमधला नाही, आपला.

भाऊसाहेब बोलतच होते. शुक्रवारी संध्याकाळचं विमान आहे. बॅगा भरल्या. जावई म्हणतो थांबा, चोवीस तास वायरी लावून नाडी मोजायची तपासणी करा. "मी म्हणलं, मला काय झालंय? भूक लागली व्हती म्हणून पडलो."

ऊर्मी पडद्याकडे बघत होती आणि तिचं लक्ष त्यांच्या बोलण्यावरून हळूहळू उडत होतं.

चित्र उलटं होतं.

काळजाचे खालचे दोन कप्पे जुळे नसतात. उजवा खरबरीत, त्याच्या तळाशी एक आडवी पट्टी; डावा गुळगुळीत. उजव्याची झडप डाव्याच्या झडपेपेक्षा किंचित खाली बसवलेली. रोज चार-पाच काळजं बघणाऱ्याला हे दारातूनच कळतं. खरबरीत कप्पा पडद्याच्या डाव्या अंगाला हवा होता. तो उजव्या अंगाला होता. हुबेहूब अमरावतीचं चित्र.

तिनं हाताकडे बघितलं. हिरवी टेप बरोबर बाजूला. प्रोब उचलला, पुसला, पुन्हा लावला. तेच. मग तिच्या मनात आलं, काल प्रोब औषधानं पुसताना कोणीतरी टेप काढली असेल आणि परत लावताना चुकीच्या बाजूला लावली असेल. दिवसभर चारजण तो प्रोब वापरतात. टेप चुकू शकते. यंत्राचं बटण कोणी दाबून ठेवलेलं असू शकतं. आपण तर चुकतोच, त्याबद्दल ख्याती आहे. काळीज कसं चुकेल?

क्रिस्टाला हाक मारावी, असं एकदा वाटलं. पण क्रिस्टा येणार, पडद्याकडे बघणार आणि तेच चार शब्द म्हणणार. तीन आठवडे उरलेले असताना.

ऊर्मीनं चित्र फिरवायचं बटण दाबलं. डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे आलं. झालं सुलटं. पुस्तकात छापल्यासारखं.

तरी काहीतरी खुपत होतंच. काळजातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या एकमेकींना कैची मारून जातात. त्या तशा सापडेनात. शेजारीशेजारी दोन वाटोळी दिसायची आणि बरगडीच्या सावलीत बुडून जायची. म्हाताऱ्याची छाती पिंपासारखी. तिनं लिहून टाकलं: खिडकी, म्हणजे बरगड्यांतून आत बघायची फट, चांगली मिळाली नाही, चित्रं अपुरी. असं रोज एखाद्याचं लिहावं लागतंच. नाडीचा आकडा बेचाळीस होता, तोही लिहिला.

"काय पोरी," भाऊसाहेब बटणं लावत म्हणाले, "हाय का समदं जागच्या जागी?"

आणि ऊर्मी गावंडे म्हणाली, "हाव काका. चांगलं हाय."

बस. दोन शब्द. अकरा वर्षांत हजार वेळा म्हटलेले. दार उघडायच्या आधीच म्हाताऱ्याचा आवाज कॉरिडॉरमध्ये गेला: "देवयानी, चल! आपल्या मानसानं सांगितलंय, चांगलं हाय. ते वायरीचं लोढणं मला नकोय. शुक्रवारी मी चाललो."

देवयानीनं दारातून ऊर्मीकडे बघितलं. ऊर्मीला म्हणायचं होतं, की ताई, असं नाही, डॉक्टर सांगतील. पण तोवर पुढचा पेशंट आला.

त्या संध्याकाळी मिल्टनच्या बेसमेंटमध्ये ऊर्मी ड्रायरमधले कपडे घडी घालत होती. गौरांगीचा राखाडी हुडी हातात आला. बाही उलटी दिसली म्हणून तिनं सगळा हुडी उलटा केला. तर आता दुसरी बाही उलटी. पुन्हा पालथा केला. पुन्हा पहिली. तीनदा झालं. डोकं आधीच भणभणत होतं, तिनं तो गादीवर आपटला.

"आई, इट्स जस्ट द स्लीव्ह," गौरांगी फोनमधून मान वर न काढता म्हणाली. "बाकीचं ठीक आहे. ओन्ली वन स्लीव्ह इज इनसाइड आउट."

ऊर्मी तशीच उभी राहिली.

फुप्फुसातून शुद्ध रक्त आणणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या डाव्या अंगाच्या वरच्या कप्प्यात उघडतात. दुपारी बटण दाबल्यावर चित्र सुलटं झालं तेव्हा त्या नळ्या कुठं होत्या? तिनं डोळे मिटले. त्या चुकीच्या अंगाला होत्या. तिला दिसल्या होत्या, आणि तिनं बघितल्या नव्हत्या. चित्रच उलटं असतं तर बटण दाबल्यावर सगळंच सुलटं व्हायला हवं होतं. खालचे कप्पे सुलटे झाले आणि वरचे बिघडले. म्हणजे चित्र उलटं नव्हतंच. टेप बरोबर होती. हातही बरोबर होता. म्हातारा अर्धा उलटा होता.

की नव्हता? कारण अर्ध्या तासात तिची स्वतःचीच खात्री उडाली. असं काळीज तिनं परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत वाचलं होतं, बघितलं कधीच नव्हतं. लाखात एखाद्याला असतं, आणि तेही लहानपणी कळतं. सहासष्ट वर्षांच्या, टायरी उचललेल्या माणसाला? तिनं किराण्याच्या पावतीमागे काळीज काढलं. खोडलं. पुन्हा काढलं. उलटं धरून दिव्यासमोर बघितलं. शेवटी कुठली बाजू कुठली हेच तिला कळेना. गौरांगी म्हणाली, "आई, आर यू ओके?" ती म्हणाली, "मले काही समजूनच नाही राह्यलं, माय."

पेशंटचा नंबर क्लिनिकच्या कॉम्प्युटरमध्ये होता. घरून काही करता येत नव्हतं. एवढं मात्र समजत होतं, की शुक्रवारी एक माणूस तिच्या दोन शब्दांच्या भरवशावर सोळा तास आकाशात जाऊन बसणार आहे.

गुरुवारी सकाळी तिनं कोटही न काढता क्रिस्टाला गाठलं आणि सगळं सांगितलं. बटण दाबलं ते, आणि बोलली तेही.

क्रिस्टानं कॉफी खाली ठेवली. "यू टोल्ड हिम व्हॉट?"

"चांगलं हाय म्हणलं."

"ऊर्मी. व्हाय?"

"मराठीत विचारलं त्यानं."

क्रिस्टा वसईच्या आईबापांच्या घरात वाढलेली. तिला हे उत्तर मूर्खपणाचं वाटलं, पण अनोळखी वाटलं नाही. तिनं कालची चित्रं उघडली, बघितली, नाक मुरडलं. "लुक्स नॉर्मल टू मी. यू वेअर राइट टू फ्लिप इट. युअर युज्वल मिक्स-अप, अँड यू फिक्स्ड इट."

"मंग नळ्या पाहा नं."

क्रिस्टानं नळ्या बघितल्या. "हं," म्हणाली. आणि फोन उचलला.

भाऊसाहेब आले ते रागातच आले. "बॅग वजनकाट्यावर ठेवली व्हती म्या!" देवयानी मागे, तोंड पांढरं. ऊर्मीनं प्रोब लावला. तेच उलटं चित्र.

"इट्स फ्लिप्ड," क्रिस्टा सवयीनं म्हणाली.

"नाही," ऊर्मी म्हणाली. तिनं प्रोबची टेपवाली कड बोटानं घासली. पडद्यावरही खुणेच्याच बाजूला चांदणं लुकलुकलं. "हात सरळ आहे. हे पाहा. नळ्या उजवीकडे, जिथं पाह्यजे तिथं. वरचे कप्पे जागेवर. खालचेच फक्त..."

क्रिस्टानं प्रोब तिच्या हातातून घेतला. फिरवला. परत फिरवला. बटण दाबलं, सोडलं. अठरा वर्षं हे काम केलेली बाई. तिनं दोन्ही हातांची बोटं वर करून स्वतःशीच डावं-उजवं मोजलं. ऊर्मीला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"आय डोन्ट गेट इट," क्रिस्टा म्हणाली.

"गाडी उघडून ठिवली आन् दोघी मेकॅनिक एकमेकींच्या तोंडाकडं बगत्यात," भाऊसाहेब छताला म्हणाले. "मला सांगा तरी, इंजिन हाय का न्हाय?"

हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावाहून आपल्या कॉम्प्युटरवर चित्र बघत होते. मग म्हणाले, मोठ्या नळ्या दाखव. ऊर्मीनं काल सावली समजून सोडून दिलेली ती दोन वाटोळी शोधून काढली. आज कळलं, सावली नव्हतीच. नळ्या खरंच कैची न मारता शेजारीशेजारी उभ्या होत्या. डॉक्टरांनी एक लांबलचक नाव घेतलं. मग म्हणाले, आता चित्र सोडा, ठोके बघा. वरचे कप्पे मिनिटाला ऐंशी, खालचे छत्तीस. वरच्यांचा निरोप खाली पोचत नाही. विमान नाही. आजच हॉस्पिटल, पेसमेकर. मग सीटी स्कॅन, म्हणजे सगळी रचना नीट कळेल.

दुभाष्याच्या फोनवर हिंदीवाला मिळत होता, मराठीवाला नाही, आणि देवयानीला आता रडू आवरत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तुमची टेक्नॉलॉजिस्ट सांगू दे, पण मी म्हणतो तेवढंच.

ऊर्मी खुर्ची ओढून बसली. "काका, तुमच्या काळजाचे खालचे दोन खण जन्मापासून एकमेकांच्या जागी आहेत. आणि त्यातून निघणाऱ्या दोन नळ्याही एकमेकींच्या जागी आहेत. म्हणजे दोनदा चुकलं. म्हणून रक्त जिकडं जायचं तिकडंच गेलं, सहासष्ट वर्षं. पण जो खण फुप्फुसापुरतं ढकलायसाठी केला होता, तो सगळ्या अंगाला ढकलून राह्यला. तो थकला. आणि ठोक्याचं वायरिंग अशा काळजात कधी ना कधी तुटते. ते तुटलं."

देवयानी म्हणाली, "काहीच कळलं नाही." क्रिस्टाच्या चेहऱ्यावरही तेच होतं.

भाऊसाहेब मात्र उठून बसले. "ह्यात काय न कळन्याजोगं? ब्याटरीच्या वायरी उलट्या जोडल्या आन् पुढं मोटारीच्याबी उलट्या जोडल्या. पंखा सरळच फिरनार की! पण त्यो कुनी जोडला त्याला धरून मारला पायजे." मग थांबले. ऊर्मीकडे वळले. "आन् मग काल चांगलं हाय कशापायी म्हणली गं तू?"

"चुकलं माझं. मी चित्र उलटं समजून सरळ केलं. आणि मले बोलायचा अधिकारही नव्हता."

"अधिकार मसणात गेला. ब्रेक न तपासता गाडी रूटवर सोडली तू. डेपोत म्या हे केलं असतं तर घरी बसवला असता मला."

"हाव."

"हाव काय हाव! आन् मग आज कशाला बोलावलं? गपचिप बसली असती तर मी गेलो असतो इमानात. तिकडं मेलो असतो तर म्हातारा व्हता, गेला. कुनाला कळत व्हतं?"

"मले कळत होतं नं, काका."

म्हातारा शर्टाच्या गुंड्या लावू लागला, त्याही एक सोडून एक. देवयानीनं त्या नीट लावल्या. अँब्युलन्सवाले आले तेव्हा तो स्ट्रेचरवर बसायला तयार होईना, चालत येतो म्हणाला, आणि दोन पावलांत क्रिस्टाच्या अंगावर कलंडला. मग मात्र मुकाट्यानं झोपला. संध्याकाळी पेसमेकर बसला. देवयानीचा फोन आला, की आता नाडी साठ, आणि बाबा नर्सला यंत्राची वॉरंटी किती वर्षांची ते विचारताहेत.

क्लिनिक रिकामं झाल्यावर क्रिस्टानं ऊर्मीला कॉम्प्युटरसमोर बसवलं. चूक झाली की फॉर्म भरायचा, हा नियम. ऊर्मीनं सगळं लिहिलं; बटण, चित्र, ते दोन शब्द. पहिला रकाना होता: चूक कोणाकडून झाली. तिनं नाव टाकलं. दुसरा रकाना: चूक कोणाच्या लक्षात आली. तिनं पुन्हा तेच नाव टाकलं.

फॉर्म लाल झाला. दोन्ही रकान्यांत एकच नाव चालणार नाही, म्हणाला.

"पुट माय नेम इन द सेकंड वन," क्रिस्टा म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "नो, नो. देन द ऑफिस विल से द सुपरव्हायझर कॉट इट. बॅड फॉर युअर प्रोबेशन."

"मंग पहिल्यात टेपचं नाव टाकू का?"

"ऊर्मी!"

"मंग काय टाकू? चुकली तर मीच, पकडली तर मीच. आता मी चांगली टेक्नॉलॉजिस्ट आहे का वाईट, हे मलेच समजून नाही राह्यलं, तर या कॉम्प्युटरला काय समजन?"

क्रिस्टानं यावर विचार केला. तिलाही ठरवता येत नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ऑफिसला अहवाल तीच देणार होती, आणि तीन आठवड्यांनी सहीसुद्धा तीच करणार होती. तिनं खुर्ची ओढली, ऑफिसचा नंबर फिरवला, फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे होल्डवर ठेवल्याचं संगीत पेटीवर वाजू लागलं.

"आपण त्यांना सांगू, फॉर्म चुकीचा आहे," क्रिस्टा म्हणाली. मराठीत म्हणाली, अडखळत, शब्द एकेक उचलून ठेवत. आपण मराठीत बोललो हे तिच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. ऊर्मीच्या आलं. तिनं क्रिस्टाकडे बघितलं, पण ती फोनकडे बघत होती, आणि पेटी काही थांबत नव्हती.